बिनजाळाची गोडी

मित्रांनो, जवळ या. घाबरू नका, आज मी थंड आहे. मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी लाजू नये. ज्यांना ठाऊक होतं आणि जे विसरले, लाजायचं त्यांनी. उसाचा रस ज्यात आटवून गूळ करतात ते लोखंडाचं रुंद, मधे खोलगट भांडं म्हणजे मी. सहा फूट रुंदी, काठाला चार कड्या. कुणी मला कढई म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. कढईत भजी तळतात.

माझा जन्म मुरुम गावचा. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला महांतप्पा नावाचे लोहार होते. अर्धं कानडी बोलायचे, अर्धं मराठी, आणि शिव्या दोन्ही भाषांत द्यायचे. त्यांनी जाड पत्रे तापवून वाकवले, एकावर एक चढवले आणि रिबिटा ठोकून मला सांधलं. मग पाण्यानं काठोकाठ भरलं आणि स्वतः खाली उकिडवे बसून माझ्या बुडाकडं बघत राहिले. एका सांध्यातून एक थेंब सुटला. एकच. महांतप्पांनी तीन रिबिटा उपटल्या आणि पुन्हा ठोकल्या. कुणीतरी म्हणालं, "अप्पा, एका थेंबानं काय होतंय?" ते म्हणाले, "गळकी लेक सासरी धाडली तर नाक बापाचं जातं, तुझं न्हाय."

असा माझा बाप. तेव्हापासून आजपर्यंत मी एक थेंब गळू दिलेला नाही. हे मी मिरवण्यासाठी सांगते आहे, आणि का मिरवू नये?

बैलगाडीत पालथी पडून चार दिवसांनी मी येरमाळ्याच्या आतल्या माळावर, आमच्या वाडीत आले. तिथं गुऱ्हाळ होतं. जमिनीत खणलेल्या मोठ्या चुलीवर, म्हणजे चुलवाणावर, मला बसवलं. बब्रुवान तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर होता. पुढं तोच आमचा गुळव्या झाला. गुळव्या म्हणजे रसाचा गूळ कधी झाला हे ओळखणारा माणूस. ते पुस्तकात नसतं, डोळ्यात आणि नाकात असतं. त्याची बायको गौराबाई चुलवाणाच्या तोंडाशी बसून उसाची वाळलेली चिपाडं आत सारायची. रस तापायचा, मळीचा फेस वर यायचा, आणि तो वर आला रे आला की बब्रुवान ओरडायचा, "जाळ!"

त्या एका शब्दावर गौराबाईचे दोन्ही हात चालायचे. ज्वाळा माझ्या बुडाला भिडायच्या. मी उकळायचे, गरजायचे. रस लाल व्हायचा, सोनेरी व्हायचा, दाट व्हायचा. मग बब्रुवान पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा. त्याची बोटात धरता येईल अशी गोळी झाली की काम फत्ते. बांबू चार कड्यांत घालून चार माणसं मला उचलायची. हंगामाची पहिली ढेप येडाईच्या देवळात जायची आणि देवळातून लोक विचारत यायचे, "हा गूळ कुठल्या काहिलीतला?"

बाहत्तरच्या दुष्काळात माझ्यात मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, कण्या शिजल्या. तेही मी केलं. पोट भरणाऱ्या भांड्यानं कुणाचं पोट ते विचारू नये.

इतकी वर्षं आगीवर बसून मला एक गोष्ट पक्की कळली होती, किंवा कळली असं वाटत होतं. गोडी आगीतूनच येते. जाळ नाही तर गोडी नाही. मी हे मनात असं धरून बसले होते जशी एखादी म्हातारी कनवटीला किल्ली धरून बसते.

मग बोअर आटले. एकेक करून उसाचे फड मोडले, तिथं सोयाबीन आलं. चुलवाण थंड झालं ते सात वर्षं थंडच राहिलं. कोंबड्यांनी माझ्यात अंडी घातली. पावसाचं पाणी साठलं, आटलं, पुन्हा साठलं. माझ्या अंगावर तांबेरा चढला. मला ज्यांनी पुजलं त्यांच्याच नातवंडांनी माझ्यात घसरगुंडी केली. घसरगुंडीचं मी मनावर घेतलं नाही. पण एक दिवस भंगारवाला टेंपो घेऊन आला आणि त्यानं हातोड्यानं माझ्या बरगडीत टकटक केलं. गुऱ्हाळाचे मालक नानासाहेब शेजारी उभे होते. ज्यांनी मला मुरुमहून आणलं त्यांचे ते चिरंजीव.

"माल आतून चांगलाय," भंगारवाला म्हणाला. "गॅसनं चार तुकडे करावं लागतील. सोमवारी येतो."

नानासाहेबांनी मान डोलावली. शेड मोकळं झालं तर ट्रॅक्टर आत उभा राहील, असा त्यांचा साधा हिशोब. माणूस वाईट नव्हता. माझा उपयोगच उरला नव्हता, तर त्यांनी मला जवळ ठेवून ओवाळायचं का?

चार तुकडे. ज्या बापाला एक थेंब सहन झाला नाही त्याच्या लेकीचे चार तुकडे. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही म्हणून तांबेरा चढतो, असं मला त्या दिवशी वाटलं.

बब्रुवान चुलवाणाच्या कट्ट्यावर बसून हे ऐकत होता. आता सत्तरीचा. मी गेले की तोही गुळव्या उरणार नव्हता, नुसता म्हातारा उरणार होता.

त्याच आठवड्यात त्याची नात अर्पिता धाराशिवहून आली. ती तिथल्या कॉलेजात सूक्ष्मजीवांचं शिक्षण घेते. सूक्ष्मजीव म्हणजे जे डोळ्याला दिसत नाहीत पण जगभर काम करत असतात ते. तिच्या पिशवीत कापडात गुंडाळलेली एक बाटली होती, बाटलीत पिवळसर पाणी.

गौराबाई कट्ट्यावर कांदे निवडत बसली होती. एका कांद्याच्या सालीवर काळी बुरशी होती, चुलीतल्या काजळीसारखी. तिनं तो भिरकावायला हात उचलला.

"थांब आजी," अर्पिता म्हणाली. "माझ्या बाटलीतलं पाणी याच काळ्या बुरशीच्या जातीनं केलंय."

"व्हय गं? एवढी फी भरून कालिजात धाडली, ती बुरशी करायला शिकलीस? ती तर माझ्या कांद्यावर फुकट शिकलीया."

बब्रुवान हसला. सात वर्षांत मी त्याला गुऱ्हाळात हसताना बघितलं नव्हतं.

"आपल्या बांधावर घायपात किती आहे?" अर्पितानं विचारलं.

घायपात तुम्ही पाहिला असेल. तलवारीसारखी जाड काटेरी पानं, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी मागत नाही, खत मागत नाही. बांधावर कुंपण म्हणून असतो. एवढ्या वर्षांत मी त्याच्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं. राणीनं दरवानाकडं कशाला पाहायचं?

अर्पिता म्हणाली, "आबा, घायपाताच्या गाभ्यात साखर असते. लई असते. पण ती एकमेकीला जोडून लांब साखळी करून बसलेली असते, म्हणून जिभेला कळत नाही. ही बुरशी त्या साखळ्या खाऊन जगते. खायच्या आधी ती अंगातून एक रस सोडते. त्याला विकर म्हणतात. तो रस साखळीचा एकेक दुवा सोडवतो. दुवे सुटले की फळात असते ती साखर मोकळी होते. फ्रुक्टोज."

"म्हंजे पोत तुटल्यावर मणी घरभर व्हत्यात तसं?" गौराबाईनं विचारलं.

अर्पिता आजीकडं बघत राहिली. "आमच्या मॅडमना दोन तास लागले होते हे सांगायला."

"तुझ्या मॅडमची पोत कधी तुटली नसंल."

आणि मी? मी चुलवाणावर बसून मनात हसले. बुरशी गोड करणार! जिला हात नाहीत, दात नाहीत, जिला गौराबाई उकिरड्यावर फेकते, ती. आणि जाळ? जाळ लागणारच ना? अर्पिता म्हणाली, "जाळ नको. कोमट ऊब हवी. दिवसभर एकसारखी." मग तर मला खात्रीच झाली की पोरीला शिक्षण बाधलं.

नानासाहेब आले. अर्पितानं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हनुवटी खाजवली. "पोरी, टेंपो सोमवारी येणार. तोवर तुला काय दाखवायचं ते दाखव. दिसलं तर बघू. न्हाय दिसलं तर मला नाव ठेवू नको."

असं माझं आयुष्य एका बुरशीच्या पदरात पडलं.

गुरुवारी घायपाताचे तीन जुने, फुलांचा दांडा अजून न आलेले बुंधे खणले. पानं तासल्यावर आत पांढरा गाभा निघाला, मोठ्या अननसासारखा. त्याच्या रसानं हातांना खाज सुटते, म्हणून गौराबाईनं हाताला करडईचं तेल चोपडलं आणि वर कापड गुंडाळलं. तुकडे गरम पाण्यात मुरवले आणि जुन्या चरकातून पिळले. मला चिंचेनं आणि वाळूनं घासलं. तांबेरा गेला, अंगाला हवा लागली. शुक्रवारी सकाळी डेअरीचे सहा स्टीलचे कॅन गाळलेल्या रसानं भरले, माझ्यात पाणी ओतलं आणि ते कॅन माझ्या पोटात उभे केले. मी पहिल्यांदाच रसाला अंग लावणार नव्हते. नुसती ऊब द्यायची होती.

शेडात पडून राहिलेल्या जुन्या चिपाडांवर चुलवाण पेटलं, पाणी तापलं. अर्पितानं काचेची तापमापी दोरीनं एका कॅनमध्ये सोडली.

"पन्नास अंश," ती म्हणाली. "याच्या पुढं न्यायचं नाही."

"आकडे तू बघ," गौराबाई म्हणाली आणि पाण्यात बोट बुडवून मोजू लागली. "एक, दोन, तीन, चार... आई गं. चारपतोर बोट टिकतंय, पाचव्याला चटका. एवढंच ना?"

"एवढंच."

अर्पितानं बाटलीतलं निम्मं पाणी सहा कॅनमध्ये वाटून घातलं. निम्मं राखून ठेवलं. तिची प्रयोगाची परीक्षा होती, दहाची एसटी गाठायची होती. जाताना आजोबांसमोर उभी राहिली. "आबा, संध्याकाळी येते. एकच लक्षात ठेवा. जाळ वाढवायचा नाही."

"तू मला शिकीव आता," बब्रुवान म्हणाला. पण प्रेमानं.

दुपारपर्यंत तो चोख बसला. मग घायपाताच्या रसाला फेस येऊ लागला. घायपाताला फेस येतोच, जुन्या काळी बायका त्यानं कपडेही धूत. पण बब्रुवाननं तसं कुठं ऐकलेलं? त्यानं बघितला तो पांढरा, जाड, वर वर चढणारा फेस. अगदी मळीसारखा. तो ताडकन उठला. डोळे चकाकले. सात वर्षं घशात अडकलेला शब्द बाहेर पडला.

"जाळ!"

आणि गौराबाईचे हात? ते तरी कुठं विचारून चालणारे? तिनं दोन्ही हातांनी चिपाडं सारली. ज्वाळा माझ्या बुडाला भिडल्या.

मित्रांनो, खरं सांगते. चूक त्या दोघांची होती, तशी माझीही होती. माझी त्याहून मोठी. मला ते हवंच होतं. मी इतक्या वर्षांनी उकळले, खदखदले, गरजले. मला वाटलं, आता होते बघा गोडी. बुरशीला काय कळतंय!

संध्याकाळी अर्पिता आली. लांबूनच तिला वाफ दिसली. धावत येऊन तिनं तापमापी वर ओढली. नव्वदीच्या पुढं होती. तिनं एका कॅनमधला थेंब काडीनं उचलून माझ्या काठावर ठेवला आणि बाजूला बसली.

मुंग्या आल्या. गुऱ्हाळातल्या मुंग्या पिढ्यानपिढ्याच्या, गोडाच्या वासाला त्यांच्याइतकं कुणी ओळखत नाही. एक पुढं आली, थेंबाभोवती फिरली, मिशी हलवली आणि निघून गेली. दुसरी तर अर्ध्या वाटेतूनच वळली.

"म्या काय केलं गं?" बब्रुवाननं विचारलं.

"विकर मोडलं आबा. लई तापलं की ते मोडतं."

"मग आता निवू दे. निवल्यावर करंल काम."

अर्पितानं मान हलवली. "उकडलेलं अंडं निवल्यावर परत कच्चं होतं का?"

म्हातारा कट्ट्यावर बसला. हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडं असा बघत राहिला जसं ते दुसऱ्याचे हात आहेत. "पन्नास वर्सं ह्यांनीच खाऊ घातलं," तो म्हणाला. "आज ह्यांनीच घात केला."

"आता तुमी हातांशी भांडत बसा," गौराबाई म्हणाली, "तवर सोमवार येतोय. पोरी, बाटलीत निम्मं हाय ना?"

"आहे. पण ते शेवटचं."

"मग उठा. बांधावर घायपात काय तुमची वाट बघून म्हातारा व्हनार हाय?"

उकळलेल्या रसावर अर्पिताला शेवटची बाटली लावायची नव्हती, म्हणून तो ओतून देऊन शनिवारी पुन्हा खणलं, तासलं, पिळलं. रविवारी उजाडताच सहा कॅन पुन्हा माझ्या पोटात आले. या खेपेला गौराबाईनं एक गोष्ट केली. पाणी हवं तेवढं तापल्यावर चुलवाणातला विस्तव बाहेर ओढला, नुसते निखारे ठेवले. माझ्यावर पोती पसरली. मग चिपाडाचा अख्खा ढीग शेडच्या पार दुसऱ्या टोकाला नेला आणि स्वतः त्या ढिगावर मांडी घालून बसली.

"आता म्हना जाळ," ती नवऱ्याला म्हणाली. "बघू कोन सारतंय."

अर्पितानं उरलेली बाटली रिकामी केली. आता काम माझं होतं.

विस्तव नसताना ऊब धरून ठेवायची. असं काम मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. मी फक्त तापायला शिकले होते. पण महांतप्पांनी मला जाड केलं होतं. पातळ पत्र्याचं भांडं असतं तर दोन तासांत गार पडलं असतं. मी माझ्या जाडीत, माझ्या पाण्यात, चुलवाणाच्या मातीत ती ऊब मुरवली आणि घट्ट धरली. तास गेला. अर्पितानं तापमापी बघितली, पन्नास. गौराबाईनं बोट बुडवलं, चारपर्यंत मोजलं. आणखी एक तास. पन्नासला थोडी कमी. दोन निखारे सारले. पुन्हा पन्नास.

आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. खरं तर ऐकू येण्यासारखं काहीच नव्हतं, तेच मी ऐकलं. उकळी नाही, गर्जना नाही, बुडबुडासुद्धा नाही. तरी त्या सहा कॅनमध्ये काम चाललं होतं. जिथं मला तीन भारे चिपाड लागायचं तिथं ते काजळीसारख्या बुरशीतून आलेलं पाणी न तापता, न ओरडता, एकेक दुवा शोधत होतं आणि सोडवत होतं. किती दुवे असतील? अर्पितानं एक आकडा सांगितला, तो माझ्या डोक्यात मावला नाही. माळावरच्या सगळ्या ज्वारीचे दाणे मोजले तरी एका थेंबातले दुवे मोजून होणार नाहीत, म्हणे. आणि एकही दुवा चुकत नाही. महांतप्पा एका रिबिटेसाठी उकिडवे बसायचे. ही बुरशी कुठल्या लोहाराकडं शिकली? आणि माणसानं चूल पेटवायच्या आधीपासून ती हे करत होती. कांद्यावर, पानावर, कुजक्या लाकडावर, आपल्या नाकासमोर. आपण तिला झटकत होतो.

माझा गर्व कुठं गेला ते मला कळलं नाही. गळून गेला असेल. माझ्यातून गळलेली ती पहिली गोष्ट.

दुपारी फेस आला. तोच, पांढरा, जाड, वर चढणारा. बब्रुवान उठला. गौराबाई ढिगावर ताठ बसली. त्याचं तोंड उघडलं. "जा..."

अर्पिता श्वास रोखून बघत होती.

बब्रुवाननं तो शब्द गिळला. मी त्याच्या गळ्याची गाठ वर जाऊन खाली येताना पाहिली. पळी घेऊन त्यानं तो फेस हळूच बाजूला काढला आणि कट्ट्यावर बसला. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला, दिवस कलेपर्यंत.

सूर्य खाली गेला तेव्हा अर्पितानं माझ्या काठावर दोन थेंब ठेवले. डावीकडं सकाळी विकर घालायच्या आधी बाजूला काढलेल्या रसाचा, उजवीकडं आताच्या रसाचा.

एक मुंगी आली. डाव्या थेंबाशी थांबली, निघाली. उजव्या थेंबाशी आली. मिशी लावली. आणि तिथंच थांबली. मग ती वळली आणि अशी धावली जशी लग्नाचं आवतण द्यायला निघाली आहे. थोड्या वेळात चुलवाणाच्या भेगेतून काळी रांग निघाली, माझ्या पोटावरून चढली आणि उजव्या थेंबाभोवती गोल उभी राहिली.

बब्रुवान पुटपुटला, "बिनजाळाचं. आयला, बिनजाळाचं."

त्यानं बोट पुढं केलं, अर्पितानं धरलं. "आधी आटवायचं, मग कॉलेजात तपासायचं, मग जीभ."

"अन् मुंग्या? त्यांला न्हाय लागत सर्टिफिकीट?"

"मुंग्या माझ्या आबा नाहीत," ती म्हणाली. म्हाताऱ्यानं बोट मागं घेतलं.

सोमवारी सकाळी कॅन काढले, पाणी ओतून टाकलं, आणि घायपाताचा तो रस गाळून थेट माझ्यात ओतला. आता आटवायचा होता. आता जाळ हवा होता. अर्पितानं आजोबांकडं बघितलं आणि म्हणाली, "आता म्हणा आबा."

"जाळ!"

शेडवरचे पारवे उडाले.

रस निम्म्यावर आला तेव्हा टेंपो आला. भंगारवाला उतरला, पाठोपाठ नानासाहेब. दोघं येऊन बघतात तर मी आगीवर. तापलेल्या काहिलीला हात कोण लावणार? ते उभे राहिले.

पाक दाट झाला. बब्रुवाननं थेंब गार पाण्यात टाकला. तो पसरला. पुन्हा टाकला, पुन्हा पसरला. गोळी होईना.

"मामा," भंगारवाला म्हणाला, "गोळी धरंना म्हंजे बिघडलं की."

नानासाहेबांनी घड्याळ बघितलं.

अर्पितानं आधीच सांगितलं होतं की याची ढेप होणार नाही, काकवीसारखा पाकच राहील, आणि हा उसाच्या पाकापेक्षा लवकर करपेल. पण मग थांबायचं कधी? ते तिच्या पुस्तकात नव्हतं. ती आजोबांकडं बघत होती. बब्रुवाननं पाण्याची वाटी बाजूला सारली. पन्नास वर्षांची खूण त्यानं बाजूला सारली. पळी वर उचलली, पाक खाली पडू दिला. त्याची धार आधी तुटत होती. मग तुटेनाशी झाली, पातळ पडद्यासारखी पळीला लोंबली. त्यानं वाकून वास घेतला. डोळे मिटले.

"ओढा जाळ! उचला!"

गौराबाईनं विस्तव बाहेर ओढला. पण मला उचलायला चार माणसं लागतात. एका बांबूच्या टोकाला बब्रुवान, दुसऱ्याला अर्पिता. नानासाहेबांनी बाह्या सारल्या आणि तिसरं टोक धरलं. चौथं टोक मोकळं.

"ए टेंपोवाल्या," गौराबाई कडाडली, "उभा काय ऱ्हायलास हात बांधून? करपलं तर तुझ्या टेंपोला फासीन सगळं!"

आणि मित्रांनो, मला तोडायला आलेल्या माणसानं मला खांदा दिला. चौघांनी मिळून मला आगीवरून उतरवलं. मधासारखा तांबूस, झळझळीत पाक माझ्या पोटातून कॅनमध्ये उतरला. करपल्याचा एक काळा ठिपकाही नाही.

नानासाहेबांनी वाकून पाक बघितला. माझ्या काठावर मुंग्यांची रांग पुन्हा लागली होती. ते भंगारवाल्याला म्हणाले, "बाबा, तू जा आता. तपासणीचा कागद आल्यावर काय ते कळवतो."

"कळवू नका मालक," तो खांदा चोळत म्हणाला. "मी उचललीय ती आता. म्या न्हाय तोडायचो."

कागद गुरुवारी आला. अर्पितानं मोठ्यानं वाचला. पाकात बहुतेक फळातली साखर, खाण्यास योग्य. गौराबाईनं चमचा आधीच हातात धरला होता. तिनं चाखलं, डोळे मिटले, आणि म्हणाली, "अर्पे, ते कांद्यावरचं काळं म्या आजवर किती फेकलं असंल गं." तिचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

यातून मोठा कारखाना उभा राहिला असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. अर्पिता सांगते, साखर ती साखरच, कुठल्याही झाडाची असो, बेतानंच खावी. यंदा बाटल्या थोड्याच भरल्या. पण नानासाहेबांनी मोकळ्या बांधांवर घायपाताची रोपं लावली, ती वाढायला वर्षं लागतील. ट्रॅक्टर बाहेर चिंचेखाली उभा असतो. शेड माझं आहे. आणि बब्रुवान लोकांना सांगतो, "गुळव्याला दोन शब्द यावं लागत्यात. जाळ, अन् थांब. मला एकच येत व्हता."

तेव्हा मित्रांनो, जाता जाता एका म्हातारीचं ऐका. कांद्यावर काळी बुरशी दिसली तर ती चाटू नका, हुंगूही नका. अर्पिताची बुरशी कॉलेजात निगुतीनं वाढवलेली होती. कांदा खुशाल फेका. पण फेकायच्या आधी क्षणभर बघा, आणि तिला क्षुद्र म्हणू नका. मी म्हटलं होतं. आणि घरात कुठं जुनं, जाड, बिनकामाचं भांडं पडलं असेल तर त्याला हातोड्यानं विचारू नका. एखादं नवं काम देऊन विचारा.

माझ्यापुरतं मागणं एवढंच. काम झालं की मला कोरडी पुसा आणि करडईच्या तेलाचा एक हात फिरवा. नंतर विस्तव ओढला तरी चालेल. ऊब मी धरून ठेवते.